मेइजिन शूसाईंचा शेवटचा डाव (१९३८) : पाकिटातली १२१ आणि घात करणारी १३०

तेंगेन

गो (पटावर सोंगट्या मांडून प्रदेश घेरायचा खेळ) खेळणाऱ्यांना हा डाव नावाने माहीत असतो, पण तो पटावर मांडून पाहिलेले कमी. म्हणून हा धागा.

आधी कोरडी माहिती. पांढऱ्या सोंगट्या मेइजिन (सर्वोच्च खेळाडूचा किताब) आणि २१वे होनिनबो (त्या नावाच्या गो घराण्याचे प्रमुख) शूसाई, वय ६४. काळ्या सोंगट्या कितानी मिनोरू, सातवा दान (दान म्हणजे खेळाडूचा दर्जा), वय २९. सुरुवात २६ जून १९३८, तोक्योच्या शिबा भागातल्या कोयोकानमध्ये. शेवट ४ डिसेंबर १९३८, इतोच्या दानकोएन या उतारगृहात. मधला बराच भाग हाकोनेच्या नाराया उतारगृहात खेळला गेला. एकूण २३७ खेळ्या, काळा ५ गुणांनी विजयी. कोमी (पांढऱ्याला भरपाईचे गुण) नाही. प्रत्येकाला ४० तास. कितानीने ३४ तास १९ मिनिटं वापरली, शूसाईंनी १९ तास ५७ मिनिटं. म्हणजे डाव संपला तेव्हा शूसाईंच्या घड्याळात २० तासांहून जास्त वेळ पडून होता.

पहिल्या दिवशी फक्त दोन खेळ्या झाल्या, एक काळी आणि एक पांढरी. तो समारंभच होता. खरा खेळ दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पुढे दर पाचव्या दिवशी बैठक, अधेमधे विश्रांती, आणि या काळात दोघांनी बाहेरच्या कुणाशी डावाबद्दल बोलायचं नाही असं बंधन. १४ ऑगस्टला शूसाईंनी डावातली १००वी खेळी पाकिटात बंद केली. त्यानंतर हृदयविकारामुळे ते तोक्योच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात होते. डाव पुन्हा उभा राहिला १८ नोव्हेंबरला. ९६ दिवस ती एक खेळी पाकिटात होती.

शूसाई म्हातारे झाले, आजारी होते, म्हणून हरले, अशी सरळसोट मांडणी नेहमी होते. ती मला अपुरी वाटते. त्यांच्या खेळाची पद्धत ज्या नियमांवर उभी होती ते नियम या डावात पहिल्यांदाच काढून घेतले गेले, आणि त्याचा हिशोब खेळ्यांमध्ये दिसतो. जाणकारांनी भर घालावी.

काळेपांढरे

चांगला विषय. नियमांचं म्हणताय तर पाच वर्षं मागे जाऊ.

ऑक्टोबर १९३३ ते जानेवारी १९३४ : शूसाई विरुद्ध गो सेइगेन. सेइगेन तेव्हा पाचवा दान, वय १९. काळ्याने पहिल्या तीन खेळ्या तीन-तीनचा बिंदू (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवरचा), समोरच्या कोपऱ्यातला तारा (पटावर ठिपक्याने दाखवलेला बिंदू) आणि पटाचा मध्य अशा टाकल्या. होनिनबो घराण्याच्या शिकवणुकीत तीन-तीनला कोपऱ्यातली पहिली खेळी करणं निषिद्ध मानलं जाई, त्यामुळे खळबळ माजली. प्रत्येकी २४ तास होते. तेव्हा पांढऱ्याला, म्हणजे मेइजिनना, हवं तेव्हा डाव थांबवायचा अधिकार होता. तो त्यांनी डझनाहून जास्त वेळा वापरला, आणि थांबवताना खेळायची पाळी त्यांची स्वतःची असे. म्हणजे पुढच्या बैठकीपर्यंत घरी बसून, घड्याळ बंद ठेवून, विचार करायला दिवसच्या दिवस मोकळे. एका बैठकीत सेइगेनने दोन मिनिटांत उत्तर दिलं, मग मेइजिननी साडेतीन तास विचार केला आणि खेळी न करताच डाव थांबवला.

पांढरा २ गुणांनी जिंकला. निर्णायक ठरलेली १६०वी खेळी विलक्षण आहे. ती शूसाईंना सुचली की त्यांच्या शिष्यांपैकी कुणाला, ही चर्चा आजतागायत चालू आहे. उत्तर काहीही असो, असली शंका घेता येते हीच त्या नियमाची खोट. १९३८ साली सामना ठरवताना आयोजकांसमोर ते उदाहरण ताजं होतं.

घड्याळ_बटण

काळेपांढरे, बरोबर. त्यावरचा उपाय म्हणजे बंद पाकिटातली खेळी. गोमध्ये ती या १९३८च्या डावातच पहिल्यांदा वापरली.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी. बैठक संपायची वेळ झाली की ज्याची पाळी असेल तो पुढची खेळी पटावर मांडत नाही. तो ती कागदावर नोंदवतो, पाकिटात घालतो आणि पाकीट बंद होऊन पंचांकडे जातं. पुढच्या बैठकीला पाकीट फोडलं की ती खेळी पटावर येते आणि समोरच्याचं घड्याळ सुरू होतं.

यातून साधतं काय? ज्याने पाकीट भरलं त्याला आपली खेळी माहीत आहे, पण समोरच्याचं उत्तर माहीत नाही. समोरच्याला खेळीच माहीत नाही. सुट्टीत दोघंही विचार करू शकतात, पण दोघांनाही अंदाजावरच करावा लागतो. अन्याय पूर्ण जात नाही, वाटला जातो. आणि कुणाच्या वाट्याला किती येतो हे पाकिटातली खेळी कोणत्या जातीची आहे यावर ठरतं. १२१चा सगळा वाद यावरच आहे.

स्वराली

१२१ नक्की काय होती? मी असं वाचलं आहे की कितानीने वेळ काढण्यासाठी मुद्दाम फालतू खेळी पाकिटात टाकली. हे खरं का?

तेंगेन

स्वराली, 'फालतू' नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

१२०पर्यंत मध्यात जोरदार झुंज चालू होती. पांढऱ्याचा मध्यातला प्रदेश होतो की मोडतो, यावर डाव होता. सगळ्यांना वाटत होतं की काळ्याची बंद खेळी तिथेच कुठेतरी असणार. पाकीट फोडलं तर खेळी पटाच्या वरच्या कडेकडे, झुंजीपासून लांब. पांढऱ्याच्या तिथल्या गटाला तिने धोका होता, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. पांढऱ्याने १२२ला उत्तर दिलं आणि खेळ पुन्हा मध्यात आला.

आता घड्याळ_बटण म्हणतात ते लावून बघा. पाकिटात सक्तीची खेळी असली आणि तिला उत्तर एकच असलं, तर पाकीट भरणाऱ्याला पुढच्या *दोन* खेळ्या माहीत आहेत. १२१ त्याची स्वतःची, १२२ ठरलेली. म्हणजे सुट्टीभर तो निवांतपणे १२३चा विचार करू शकतो, आणि तोही अंदाजाने नव्हे, तर नक्की स्थिती समोर धरून. समोरचा मात्र मध्यातल्या डझनभर शक्यता चाळत बसतो, त्या सगळ्या वाया. १९३३ला पांढऱ्याकडे जी सवलत होती, तीच इथे काळ्याला मागच्या दाराने मिळते.

शूसाईंना ती खेळी फार लागली, हे सामन्याजवळ असलेल्यांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या दृष्टीने दोघांनी मिळून घडवत आणलेल्या डावावर तो डाग होता.

श्रीमत

पण कितानीची बाजूही मांडली पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी ती येतच नाही.

सक्तीची खेळी कधी वसूल करायची, हा गोमधला सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक. लवकर केलीत तर तिथली दुसरी शक्यता तुम्ही स्वतःच्या हाताने मारता, आणि को (एकाच जागी आलटून-पालटून सोंगटी पकडण्याचा झगडा) लागला तर वापरायला हाताशी असलेली धमकीही जाते. उशीर केलात तर आसपासची स्थिती बदलते आणि तीच खेळी सक्तीची राहत नाही. पांढरा वरच्या बाजूला एक सोंगटी वाढवता झाला की धोका संपला, मग ते दोन-तीन गुण गेले. मध्यात झुंज पेटलेली असताना, पुढे पांढऱ्याला 'उत्तर न देता मध्यात दुसरी खेळी करतो' असं म्हणणं परवडेल अशी वेळ येण्याआधी, ती वसूल करून टाकणं खेळाच्या दृष्टीने चूक नव्हतं. कुठल्याही चालू बैठकीत त्याने ती केली असती तर कुणी भुवई उंचावली नसती.

शिवाय त्याने नियम मोडला का? नाही. नियम असा कुठेच म्हणत नव्हता की बंद खेळी सक्तीची असू नये. तसा नियम करताही येत नाही, कारण 'सक्तीची' कुठली हे ठरवणार कोण? उत्तर द्यायचं की दुसरीकडे जायचं, ही समोरच्याची निवड असते.

आणि घड्याळाचे आकडे पाहा. ३४ तास १९ मिनिटं वापरूनही कितानीकडे ५ तास ४१ मिनिटं शिल्लक होती. वेळ संपत आल्यामुळे त्याने हे केलं, हा आरोप आकड्यांशी जुळत नाही. तो मुळातच सावकाश खेळणारा होता.

विशाखा_द

श्रीमत, पटावरच्या बाजूने पटलं. पण 'नियम मोडला नाही' आणि 'योग्य केलं' यात अंतर आहे. होनिनबो घराण्यात वाढलेल्या माणसासमोर, त्याच्या निवृत्तीच्या डावात, पाकिटाचा असा उपयोग होणं लागणारच. मला दोघांचंही पटतं आणि ते दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

बाकी, १३०बद्दल कुणी सविस्तर लिहील का? डाव तिथे गेला असं सगळे म्हणतात, पण का गेला ते सांगत नाहीत.

काळेपांढरे

१३० पाहायची तर १२९ आधी नीट पाहा. मध्यात पांढऱ्याचा मोठा प्रदेश आकाराला आला होता. भिंती होत्या, पण काही जोड कच्चे होते. काळ्याने १२९ला नेमकं तिथे बोट ठेवलं. पांढऱ्याने तिथल्या तिथे सांभाळून घेतलं असतं तर डाव बारीक फरकाचा राहिला असता, म्हणजे अखेरच्या हातघाईत ठरला असता.

शूसाईंनी १३०ला तिथे उत्तर न देता उजव्या खालच्या भागात प्रतिहल्ला केला. हिशोब असा असणार की काळा तिथे उत्तर देईल, मग परत येऊन मध्य सांभाळू. काळ्याने उत्तर दिलं आणि मग पांढऱ्याचा मध्य फोडला. जो प्रदेश पांढऱ्याच्या सगळ्या गणिताचा पाया होता, तो उरलाच नाही. त्यानंतरच्या शंभराहून जास्त खेळ्या म्हणजे मोजणीपर्यंतचं अंतर कापणं.

यात तांत्रिक चूक कोणती? सक्तीच्या वाटणाऱ्या खेळीला समोरचा उत्तर देईलच, आणि दिलं तरी त्याने *मूळ धोका* मिटेल, हे गृहीत धरणं. इथे दुसरा भाग खोटा ठरला. उत्तर मिळालं, पण मध्यातली भेग तशीच राहिली. असल्या वेळी मोजायचं ते 'मला उत्तर मिळेल का' हे नव्हे, तर 'उत्तरानंतर माझी मूळ जखम बरी झाली का' हे. मधल्या दर्जाच्या खेळाडूंकडून ही चूक प्रत्येक डावात होते. इतक्या वरच्या पातळीवर, वेळ शिल्लक असताना व्हावी, म्हणून ती डोळ्यांत भरते.

गोट्या_आणि_गणित

तेंगेन यांच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा, पण कोमीचा विचार धरल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

कोमी म्हणजे काळ्याला पहिल्या खेळीचा जो फायदा मिळतो त्याच्या भरपाईसाठी पांढऱ्याला दिलेले गुण. आज जपानात साडेसहा. १९३८च्या या डावात शून्य. जुन्या दर्जापद्धतीत दोन दानांचा फरक असेल तर खालच्याने नेहमी काळं घ्यायचं, आणि मेइजिन म्हणजे नववा दान. सातव्या दानाच्या कितानीला काळं मिळणं त्या हिशोबाने रीतसर होतं.

आता लोक लगेच म्हणतात, 'आजच्या साडेसहा कोमीने शूसाई दीड गुणाने जिंकले असते.' बेरीज-वजाबाकी बरोबर, निष्कर्ष चूक. कोमी नसताना काळ्याला जिंकायला एक गुण पुरतो, त्यामुळे तो पुढे असला की धोका पत्करत नाही, जिथे दोन वाटा असतात तिथे जाड आणि सुरक्षित वाट धरतो. कोमी असती तर कितानीने डाव वेगळा खेळला असता, पहिल्या पन्नास खेळ्यांतच.

पण या आकड्यातून एक गोष्ट नक्की निघते. कोमी नसताना बरोबरीचे दोन खेळाडू सर्वोत्तम खेळले तर काळा साधारण सहा-सात गुणांनी पुढे राहायला हवा. ६४ वर्षांचा आजारी माणूस ३५ वर्षांनी लहान, ऐन भरातल्या प्रतिस्पर्ध्यासमोर पांढऱ्याने खेळून ५ गुणांनी मागे राहिला. याला 'कोसळला' म्हणणं मला मान्य नाही. जिंकण्यासाठी पांढऱ्याला काळ्याकडून चुका हव्या होत्या. कितानीने त्या पुरेशा दिल्या नाहीत.

मंदार_७

संगणकावर हा डाव तपासायचा असेल तर काय काळजी घ्यायची? मी कालच फाइल उघडली तर पांढरा पुढे दाखवत होता, दुसऱ्याच खेळीला!

गोट्या_आणि_गणित

मंदार, तुमच्या फाइलमध्ये कोमीची जागा रिकामी असणार किंवा साडेसात असणार. जुन्या डावांच्या फाइलींत हा घोळ सर्रास असतो. या गोष्टी तपासा :

फाइलमध्ये कोमी ० लिहा. रिकामं सोडलं तर प्रणाली स्वतःची ठरलेली कोमी धरते. नियम 'जपानी' निवडा. इंजिन काटागो घ्या, कारण ते कुठलीही कोमी समजून घेतं आणि विजयाच्या टक्केवारीबरोबर गुणांचा अंदाजही देतं. लीला झीरो इथे उपयोगाचं नाही, ते साडेसात कोमीवरच शिकलेलं आहे आणि दुसऱ्या कोमीला त्याचे आकडे भरवशाचे नाहीत.

कोमी ० केल्यावर पहिल्या खेळीपासून काळा बराच पुढे दिसेल. हे बरोबर आहे, घाबरू नका. म्हणून टक्केवारी झाकून टाका आणि फक्त गुणांचा फरक वाचा. काळा समजा साडेसहाने पुढे असं सुरुवातीला दाखवलं, तर तो तुमचा शून्यबिंदू. त्याच्या वर गेलं तर पांढऱ्याची चूक, खाली आलं तर काळ्याची.

शेवटी, एका खेळीवर इंजिनला पुरेसा वेळ द्या. १२१ ते १३१ या टप्प्यात झटपट चालवलेलं विश्लेषण पुढच्या खेळीला स्वतःचंच मत बदलतं. तिथे प्रत्येक स्थितीला काही हजार शोध तरी होऊ द्या.

मंदार_७

कोमीच होती. साडेसात. आता आकडे जुळतायत. धन्यवाद!

श्रीमत

संगणकाआधी हाताने मांडा, ही माझी आग्रहाची विनंती. स्क्रीनवर २३७ खेळ्या चार मिनिटांत संपतात आणि काही लक्षात राहत नाही.

१९ बाय १९ चा पट, ३६१ बिंदू. पूर्ण संचात १८१ काळ्या आणि १८० पांढऱ्या सोंगट्या असतात. या डावात ११९ काळ्या आणि ११८ पांढऱ्या लागतात, तेव्हा संचात थोड्या कमी असल्या तरी चालतं. पकडलेल्या सोंगट्या डब्याच्या झाकणात *वेगळ्या* ठेवा, डब्यात परत टाकू नका. शेवटच्या मोजणीला त्या लागतात.

डाव एका दमात मांडू नका. १ ते ६० एका बैठकीत. मग ६१ ते ९९. इथे थांबा, कारण मूळ डावही इथेच ९६ दिवस थांबला. १००वी खेळी झाकून ठेवा आणि पांढऱ्याच्या जागी बसून स्वतः एक खेळी कागदावर लिहा. मग पाहा. १२१ला काळ्याच्या जागी बसून तेच करा. जवळपास सगळे मध्यातली खेळी लिहितात, आणि त्या क्षणी शूसाईंना काय वाटलं असेल ते आपोआप कळतं. १२९नंतर पांढऱ्याच्या बाजूने दोन-तीन पर्याय मांडून बघा, प्रत्येकात मध्यातले बिंदू मोजा. १३१ ते २३७ मोजणीचा सराव म्हणून वापरा : दर २० खेळ्यांनी थांबून दोन्ही बाजूंचा प्रदेश मोजा.

मोजताना एकेक बिंदू नको, दोन-दोनच्या जोड्यांनी मोजा. जिथे हद्द अजून उघडी आहे तिथे दोघांच्या पुढच्या खेळ्या मनात धरून रेघ ओढा. पकडलेल्या सोंगट्या आणि समोरच्याच्या प्रदेशातल्या मेलेल्या सोंगट्या विसरल्या की उत्तर हमखास चुकतं. मेलेल्या सोंगटीचे दोन गुण होतात, एक सोंगटीचा आणि एक तिच्याखालच्या बिंदूचा.

स्वराली

शेवटी ५ गुण येत नसतील तर? मला काळा ६ ने येतोय.

श्रीमत

मग बहुतेक तटस्थ बिंदू भरताना गडबड झाली आहे. डाव संपला की दोघांच्या हद्दीमधले, कुणाचेच नसलेले बिंदू भरायचे. ते भरताना काही गटांचे श्वास (लगतचे रिकामे बिंदू) कमी होतात, आणि एखाद्या ठिकाणी मालकाला स्वतःच्याच प्रदेशात सोंगटी घालून जोड पक्का करावा लागतो. तो एक गुण गेला. तुम्ही सगळे तटस्थ बिंदू एकदम भरले असतील तर हा जोड निसटतो.

क्रम असा ठेवा : तटस्थ बिंदू आलटून-पालटून भरा, दर वेळी आतारी (पुढच्याच खेळीला पकडले जाण्याचा धोका) लागते का पाहा, लागली तर जोडा. मग मेलेल्या सोंगट्या उचला. मग झाकणातल्या आणि उचललेल्या सोंगट्या *त्याच रंगाच्या* प्रदेशात भरा, काळ्या काळ्याच्या प्रदेशात, पांढऱ्या पांढऱ्याच्या. मग प्रदेश दहा-दहाच्या आयतांत रचून घ्या. दुसरं कारण म्हणजे झाकणातली एखादी सोंगटी सुटलेली असते. २३७ खेळ्या झाल्यावर पटावरच्या अधिक झाकणांतल्या मिळून बरोबर २३७ सोंगट्या भरल्या पाहिजेत. मोजणीची सोंगट्यांची हलवाहलव सुरू करण्याआधी हे तपासा.

घड्याळ_बटण

कुणाला दोन दिवसांचा डाव बंद पाकिटासह खेळायचा असेल तर पद्धत लिहून ठेवतो. किसेई आणि मेइजिन या आजच्या किताबांच्या अंतिम लढतींत प्रत्येकी ८ तास, दोन दिवस, आणि पहिल्या दिवसाअखेर पाकीट असंच चालतं.

थांबायची वेळ आधी जाहीर करा. ती वेळ आली की ज्याची पाळी त्याने बंद खेळी द्यायची. विचार करताना घड्याळ *त्याचंच* चालू राहतं. पाकीट पंचांच्या हातात पडलं की बंद. इथे पहिली चूक होते : लोक वेळ झाली की दोन्ही घड्याळं थांबवतात आणि खेळाडूला फुकटची वीस मिनिटं मिळतात.

पटाच्या रिकाम्या आकृतीवर सध्याची स्थिती काढलेल्या दोन प्रती तयार ठेवा. खेळाडूने समोरच्याच्या नजरेआड लाल पेनाने बिंदूवर गोल काढायचा आणि शेजारी खेळीचा क्रमांक आणि जागा अक्षर-आकड्यात लिहायची. दोन्ही हवं. नुसता गोल दोन बिंदूंच्या मध्ये पडला तर वाद होतो. नुसती जागा लिहिली तर वेगळा घोळ : पाश्चात्त्य पद्धतीत ओळी खालून वर मोजतात, जपानी पद्धतीत वरून खाली. जपानी चौथी ओळ म्हणजे पाश्चात्त्य सोळावी. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीत 'आय' हे अक्षर गाळतात, 'एच'नंतर थेट 'जे' येतं, आणि नवखे तिथे एक स्तंभ सरकतात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पट फिरवला तरी सारखाच दिसतो. आकृतीच्या खालच्या कडेला 'काळा इथे बसला आहे' असं लिहून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कागद उलटा धरला जातो.

पाकीट चिकटवून जोडावर दोघांची सही, बाहेर तारीख, खेळीचा क्रमांक, दोघांची वापरलेली वेळ. दोन पाकिटं दोन वेगळ्या माणसांकडे. दुसऱ्या दिवशी नोंद वाचत पहिल्यापासून डाव पुन्हा मांडायचा, दोघांनी मान डोलावली की पाकीट फोडायचं, खेळी पटावर ठेवायची, समोरच्याचं घड्याळ सुरू. खेळी वाचता आली नाही किंवा ती जागा आधीच भरलेली निघाली तर काय, हे डावाआधी ठरवा. बुद्धिबळात अशी खेळी म्हणजे डाव गेला, असा साधा नियम होता.

विशाखा_द

उत्तम. पण १२१सारखी खेळी पाकिटात आली तर त्यावर काही उपाय?

घड्याळ_बटण

नियमाने नाही. श्रीमत यांनी कारण दिलंच आहे. व्यवस्थेने मात्र होतो : थांबा एका रात्रीपेक्षा जास्त नको. १२१ने मिळालेला फायदा थांब्याच्या लांबीइतकाच असतो. एका रात्रीत विचार होतो, झोपही लागते. १९३८मध्ये थांबे चार-चार दिवसांचे होते, म्हणून ती खेळी इतकी जड झाली.

तेंगेन

हा मुद्दा माझ्या मूळ म्हणण्याशी जुळतो. बैठका दर पाचव्या दिवशी ठेवल्या त्या शूसाईंच्या वयाकडे आणि प्रकृतीकडे पाहून. ४० तासांची मुभाही प्रचंड होती. १९२६च्या कारिगाने जुनइची विरुद्धच्या डावात प्रत्येकी १६ तास होते, आणि तो तर कारिगाने वेळेवर हरले. तेव्हा शूसाई पांढऱ्याने गट मारून डाव ओढणारे होते, घड्याळ समोरच्याला खात होतं. १९३८ला मिळालेले तास त्यांनी अर्धेही वापरले नाहीत. ते तास कितानीच्या कामी आले. लांब थांबे त्यांच्यासाठी होते, त्यांचाही उपयोग १२१च्या वेळी कितानीला झाला.

आणखी एक. त्यांच्या १००व्या खेळीचं पाकीट ९६ दिवस बंद होतं, तेव्हा खेळी माहीत असण्याचा फायदा त्यांच्याकडे होता. पण ते रुग्णालयात होते. कितानी निरोगी होता आणि त्याला सगळे अंदाज तपासायला तीन महिने मिळाले. कागदावर फायदा एकाचा, प्रत्यक्षात दुसऱ्याचा.

काळेपांढरे

तेंगेन, इथे थोडा असहमत. तीन महिने डाव डोक्यात घेऊन बसणं निरोगी माणसालाही जाचक असतं. वेळापत्रक बदलण्यावरून दोन्ही बाजूंत वाद झाले होते, आणि कितानीला या सगळ्याचा त्रास झालाच. त्याने पुढच्याच वर्षी, १९३९मध्ये, कामाकुराला गो सेइगेनविरुद्ध दहा डावांची मालिका सुरू केली आणि ती हरला. सेइगेन आणि तो, दोघांनी १९३३ला मिळून नव्या सुरुवातीची पद्धत उभी केली होती, त्यामुळे ती लढत जास्तच बोचरी.

स्वराली

आणि शूसाईंचं पुढे काय झालं?

काळेपांढरे

हा त्यांचा शेवटचाच अधिकृत डाव. १८ जानेवारी १९४० रोजी आतामीला वारले. होनिनबो हे नाव त्यांनी आधीच निहोन किइनकडे (जपानच्या गो संघटनेकडे) सोपवलं होतं, त्यामुळे वारस नेमला गेला नाही. नाव स्पर्धेचा किताब झालं आणि १९४१मध्ये सेकियामा रिइची पहिले विजेते ठरले. वंशपरंपरेने आलेलं नाव जिंकण्याची गोष्ट झाली.

कितानीला तो किताब कधीच मिळाला नाही. त्याच्या घरी राहून शिकलेल्यांना मिळाला : इशिदा योशिओ, ताकेमिया मासाकी, कातो मासाओ, चो चिकुन. ओताके हिदेओ आणि कोबायाशी कोइची हेही त्याचेच शिष्य. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं जपानी गो बरंचसं त्या एका घरातून बाहेर पडलं.

मंदार_७

काटागो रात्रभर चालवून १०० ते १३१ तपासलं, प्रत्येक स्थितीला पाच हजार शोध. माझी फाइल नीट आहे असं धरून : १२१ला इंजिन फार दोष देत नाही, मोठी उडी १३०लाच दिसते. आता १३० ऐवजी मध्यात उत्तर देऊन पुढच्या वीसेक खेळ्या हाताने मांडतोय. कुणाकडे कागदी नोंद असेल तर १२३ ते १२९चा क्रम माझ्याशी ताडून पाहाल का? वेगवेगळ्या फाइलींत एक-दोन ठिकाणी फरक आहे.

श्रीमत

पाठवा. क्रम जपानी पद्धतीने लिहिणार असाल तर ओळी वरून मोजल्या आहेत असं वर नोंदवा, आणि खालच्या कडेला कोण बसलं आहे तेही.